ऐकणाऱ्याची खुर्ची

गेल्या चैत्रात आमची एक भाची पुण्याहून बऱ्हाणपूरला चार दिवस राहावयास आली होती. रविवारी सकाळी नेहमीप्रमाणे आमच्या माडीवर पाचसहा स्नेही जमले, तबकडी लागली, आणि जुन्या अँप्लिफायरमधले व्हॉल्व्ह बदलावेत की नाही ह्यावर वाद रंगला. मंडळी गेल्यावर भाचीने विचारले, "मामा, ही बैठक किती वर्षांची?"

आम्ही काहीशा अभिमानाने म्हटले, "पन्नासाला आली."

"आणि ह्या इतक्या वर्षांत वर येऊन बसलेली एक तरी बाई आठवते का तुम्हांला?"

आम्ही आठवू लागलो. एकही आठवेना. तेव्हा अशा प्रसंगी पुरुषाच्या तोंडी जे उत्तर आयतेच येते तेच आम्ही दिले: "बायकांना यंत्रांची आवड कमी." भाची हसली, पुढे काही बोलली नाही. परंतु तिची नजर टीपॉयवरील रिकाम्या कपबश्यांकडे गेली, आणि तिच्यामागून आमचीही गेली. दर रविवारी हा चहा माडीवर येतो. तो घेऊन येणारी व्यक्ती मात्र तशीच जिना उतरून खाली जाते. त्यात काही विशेष आहे असे आम्हांस आजवर कधी वाटले नव्हते. त्या दिवसापासून भाचीचा प्रश्न आमच्या मनातून जाईना. म्हणून हा लेखनप्रपंच.

ज्यांना ह्या छंदाचा परिचय नाही त्यांच्यासाठी आधी दोन शब्द सांगणे जरूर आहे. गाणे ऐकावयास साधा रेडिओही पुरतो. परंतु काही जणांचे तेवढ्याने समाधान होत नाही. तंबोऱ्याची तार छेडल्यावर तिच्या झंकाराचा अगदी शेवटचा अंश, तान घेण्यापूर्वी गायिकेने घेतलेला श्वास, तबल्याच्या शाईवर पडलेले बोट, हे सारे जसेच्या तसे कानी यावे असा त्यांना ध्यास लागतो. मग टर्नटेबल वेगळे, अँप्लिफायर वेगळा, स्पीकर वेगळे, सुईचा भार तोलण्याचा चिमुकला काटा वेगळा, अशी सामग्री जमू लागते. आणि तीपायी पैसा किती जातो ह्याचा हिशेब सहसा कोणी लिहून ठेवीत नाही. जगात जिथे म्हणून हा छंद आहे तिथे तो बहुतांशी पुरुषांचा आहे. आमचे बऱ्हाणपूर ह्याला अपवाद नाही.

त्यातून आमच्या गावात शांतपणे काही ऐकावयास मिळणे हीच दुर्मिळ गोष्ट. तापीकाठचे हे गाव यंत्रमागांचे. गल्लोगल्ली मागांची खटखट चालू असते, आणि ती भिंतींतून घरात येते. ज्याला एखादी तबकडी मनासारखी ऐकावयाची असेल त्याने माडीवरची आतली खोली गाठावी, खिडक्या लावाव्यात आणि मग सुई टेकवावी. अशी खोली घरात एकच असते. आणि ती घरातल्या कोणाच्या वाट्याला येते हे वाचकांस सांगावयास नको.

आमचे वडील फोंडा महालातून नोकरीनिमित्त इकडे आले आणि इकडचेच झाले. घरात बोली कोंकणी, पुस्तकांत मराठी आणि बाजारात हिंदी, अशा तीन भाषांत आमचे बालपण गेले. १९५७ साली घरी रेडिओ आला. त्या काळी रेडिओसाठी डाकघरातून परवाना काढावा लागे. तो अर्थातच वडिलांच्या नावाचा. रेडिओवर घालावयाचे आच्छादन आईने विणले. त्याची खुंटी फिरवण्याचा अधिकार मात्र वडिलांचा. सकाळी आई सोवळ्यात असे, तेव्हा ती रेडिओला शिवत नसे. तिचे सोवळे सुटेपर्यंत वडील तो बंद करून कचेरीस गेलेले असत. दुपारी तिला घटकाभर सवड मिळे, पण त्या वेळी तिचे हात ओले असत. आणि ओल्या हातांनी विजेच्या वस्तूस हात लावू नये, हे पुस्तकी ज्ञान आम्हीच तिला मोठ्या ऐटीत दिले होते. म्हणजे धर्मशास्त्र आणि पदार्थविज्ञान ही दोन्ही त्या माउलीच्या आड आली. असे असूनही रात्री धाकट्या भावंडांना थोपटताना ती रेडिओवरचीच गाणी गुणगुणत असे, आणि ती सुरातालात बिनचूक असत. ती तिने केव्हा ऐकली, हा विचार त्या वेळी आमच्या मनात आला नाही.

पुढे १९७८ साली आम्ही मुंबईहून टर्नटेबल आणि स्पीकरची जोडी आणली आणि अँप्लिफायर गावातल्याच एका कारागिराकडून बांधून घेतला. सौभाग्यवतीस सांगितले, "हे घरासाठी आणले आहे." क्वचित "तुझ्यासाठीच" असेही म्हणालो. आमचे गाव हे बादशहा शहाजहानच्या बेगमेच्या, मुमताजमहालच्या, मृत्यूचे गाव. १६३१ साली चौदाव्या बाळंतपणात ती येथे निवर्तली, आणि तिच्या नावाने आग्ऱ्यास जे उभे राहिले ते साऱ्या जगाने पाहिले. स्त्रीच्या नावाने आपल्या हौसेचे काहीतरी उभारावे आणि ते तिच्यासाठी म्हणावे, ही पुरुषाची खोड तशी जुनीच आहे. आमच्या माडीवरचा ताजमहाल फारच लहान, एवढाच काय तो फरक.

ह्या यंत्राची एक गंमत अशी की ते ऐकणाऱ्याची जागा ठरवून देते. दोन स्पीकर आणि ऐकणाऱ्याचे डोके ह्यांचा समभुज त्रिकोण साधला, तर गायिका दोहोंच्या बरोबर मध्ये समोर बसल्याचा भास होतो. डोके हातभर बाजूला गेले की ती एकीकडे सरकते. म्हणून जाणकार लोक त्या बिंदूवर एक खुर्ची मांडतात. आमचीही तशी होती, वेताची, हातांची. तिचे पाय कोठे यावेत ह्याच्या खुणा आम्ही फरशीवर खडूने केल्या होत्या. रविवारी स्नेही येत तेव्हा ती पाळीपाळीने फिरे. एरवी ती आमची. यंत्र घरासाठी होते. खुर्ची मात्र एकच होती.

पैशाची गोष्टही सांगून टाकणे बरे. सौ.ने लहानपणी माहेरी थोडे गाणे शिकले होते आणि लग्नात तिच्याबरोबर पेटी आली होती. १९८४ च्या सुमारास त्या पेटीचा भाता फाटला आणि दोन सूर बोलेनासे झाले. दुरुस्तीस लागणारी रक्कम मोठी नव्हती. "पुढल्या महिन्यात पाहू," असे आम्ही म्हटले, आणि त्याच वर्षी टर्नटेबलसाठी नवी सुई आणली. तिची किंमत त्या दुरुस्तीच्या कित्येक पटींनी अधिक होती. तो पुढला महिना चार वर्षांनी उजाडला. भात्याला सौ.ने स्वतः कापडाची पट्टी चिकटवली आणि जे सूर बोलत होते त्यांवर भजने म्हणणे चालू ठेवले.

ह्यात स्त्रीचा स्वभाव किती आणि घराची मांडणी किती, हे पाहण्यासाठी आम्ही ह्या यंत्राचा पूर्ववृत्तान्त थोडा चाळला. तेव्हा असे आढळले की आरंभी हे यंत्र पुरुषांचे नव्हतेच. एडिसनने १८७७ साली ध्वनी साठवून दाखवला. त्यानंतर अमेरिकेत घरातील संगीत हे गृहिणीचे खाते समजले जाई, आणि विक्रेत्यांचा सारा रोख तिच्याकडे असे. १९०६ साली व्हिक्टर कंपनीने ग्रामोफोनचा बाहेर आलेला कर्णा लाकडी कपाटात दडवला आणि त्याला 'व्हिक्ट्रोला' असे नाव दिले. दिवाणखान्यात शोभावे अशी ती वस्तू होती. १९१५ पासून एडिसनच्या लोकांनी गावोगावी जलसे भरवले. त्यांत अ‍ॅना केस हिच्यासारखी गायिका यंत्राशेजारी उभी राहून गाई, मध्येच ओठ मिटी, आणि गाणे यंत्रातून पुढे चालू राही. ह्या जलशांच्या श्रोत्यांत स्त्रियांचा भरणा मोठा असे.

मग पालट केव्हा झाला? दुसऱ्या महायुद्धानंतर. रेडिओ आणि रडार ह्यांचे शिक्षण घेतलेले सैनिक घरी परतले, लष्कराच्या शिल्लक मालातले सुटे भाग बाजारात स्वस्त मिळू लागले, आणि १९४८ मध्ये लांब वाजणारी तबकडी आली. पुरुषांनी यंत्र उघडले, त्यातले भाग वेगळे केले आणि त्यांना आकड्यांची भाषा दिली. कीर केइटली नावाच्या अभ्यासकाने १९९६ साली ह्या काळावर एक निबंध लिहिला आहे. बायकामुलांच्या गलबल्यातून सुटून घरातल्या घरात आपली एक स्वतंत्र जहागीर असावी, ह्यासाठी त्या काळच्या अमेरिकन पुरुषाने हा छंद जवळ केला, असे त्याचे साधारण प्रतिपादन. ते वाचताना आम्हांला आमचीच माडी दिसू लागली.

कानाचे म्हणावे तर निसर्गाने स्त्रीवर अन्याय केलेला नाही. वय वाढते तसे वरच्या पट्टीतले बारीक आवाज पुरुषाच्या कानातून आधी जातात. स्त्रीच्या कानात ते सरासरीने अधिक काळ टिकतात. कसबाचे म्हणावे तर अमेरिकेतील मर्क्युरी कंपनीच्या पाश्चात्त्य संगीताच्या ज्या तबकड्यांसाठी जगभरचे शौकीन आजही जीव टाकतात, त्यांची निर्मिती विल्मा कोझार्ट फाइन (१९२७–२००९) ह्या बाईच्या देखरेखीखाली झाली. आणि पुढे १९९० नंतर त्या सीडीवर आल्या तेव्हाही त्यांच्या शुद्धतेची जबाबदारी तिनेच वाहिली. म्हणजे कान आहे, कसब आहे. मग उणे काय?

आपल्याकडे पाहिले तर आश्चर्य अधिकच वाटते. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास फ्रेड गायसबर्ग ह्या साहेबाने यंत्र मांडले, तेव्हा हिंदुस्थानी संगीताच्या त्या आरंभीच्या ध्वनिमुद्रणांत गायला बसलेल्यांपैकी एक होती ती गौहरजान. गाणे संपताच ती आपले नाव उच्चारी, कारण तबकडी परदेशात तयार होत असे आणि तेथल्या कारागिरांना गाणारी कोण हे कळावयास हवे होते. पुढे हिराबाई बडोदेकर, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर ह्यांच्या आवाजांनी आमच्या तबकड्यांचे कपाट भरले. केसरबाई फोंडा महालातल्या केरीच्या. देवळांच्या छायेत वाढलेल्या ज्या कलावंत घराण्यांना समाजाने मानाची पंगत दिली नाही, त्यांच्या लेकींचे सूर आम्ही दिवाणखान्यात मोठ्या आदराने ऐकले. आणि आपल्या लेकीसुनांनी मोकळ्या गळ्याने गाऊ नये ही दक्षताही घेतली. कपाटात बहुतेक आवाज बायकांचे आणि कपाटाची किल्ली पुरुषाच्या कमरेला, असा हा प्रकार.

केसरबाईंचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १९७७ साली व्हॉयेजर नावाची दोन याने अवकाशात गेली. त्या प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे आणि तिच्यात केसरबाईंची भैरवी आहे. याने निघाली आणि त्याच सप्टेंबरात केसरबाई गेल्या. त्या तबकडीच्या वेष्टणावर चित्रांनी असे कोरले आहे की हिची एक फेरी ३.६ सेकंदांत व्हावी. कोणा अज्ञाताच्या हाती ती पडलीच, तर त्याने ती योग्य गतीने फिरवावी, बाईंचा सूर ढळू नये, एवढी काळजी पाठवणाऱ्यांनी घेतली. हे आम्ही रविवारच्या बैठकीत किती वेळा रंगवून सांगितले असेल! आणि आमच्याच घरात काय झाले ते आता सांगतो. ते आजवर कोणास सांगितलेले नाही.

१९८८ च्या पावसाळ्यात आमच्या यंत्राला काहीतरी झाले. गाणे नीट वाजे, पण त्यातले तेज गेल्यासारखे वाटे. आम्ही सुई तपासली. शेजारच्या मागांमुळे वीजदाब उतरत असावा म्हणून स्टॅबिलायझर आणला. अँप्लिफायर पुन्हा त्या कारागिराकडे नेला. स्नेह्यांनी तारा बदलावयास सुचवले, त्याही बदलल्या. तीन महिने गेले. एके संध्याकाळी केसरबाईंची तबकडी लावून आम्ही त्रस्त मुद्रेने खुर्चीत बसलो असता सौ. वाळलेले कपडे घेऊन दारावरून चालली होती. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "बायेचो सूर सकयल देंवला. कितलेशेच दीस जाले."

बाईंचा सूर खाली उतरला आहे, त्याला पुष्कळ दिवस झाले. पेटीच्या ज्या पट्टीवर बाईंचा षड्ज नेमका बसत असे तिथे तो आता बसत नाही, दोन पट्ट्यांच्या मध्ये पडतो, आणि म्हणून स्वयंपाक करताना त्या तबकडीबरोबर गुणगुणणे तिने सोडून दिले होते, हे तिने मागाहून सांगितले. आम्ही धावत जाऊन गती तपासण्याची चकती काढली. तिच्या कडेवर एकशे ऐंशी काळ्या रेघा असतात. आपल्याकडील विजेच्या दिव्याखाली ती फिरवली आणि गती बरोबर असली, तर त्या रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. आमच्या डोळ्यांदेखत त्या मागे मागे सरकत होत्या. रबरी पट्टा सैल पडून गती शेकडा तीन इतकी घटली होती. तेवढ्याने सूर जवळजवळ पाव स्वर उतरतो. पट्टा काही रुपयांचा होता.

"मग आधी का सांगितले नाहीस?" आम्ही विचारले.

"म्हाका कोणें विचारलें?" ती म्हणाली, आणि कपड्यांच्या घड्या घालावयास गेली.

वाचकहो, एवढ्यावर गोष्ट संपती तर ती सांगण्यात आम्हांस कमीपणा वाटला नसता. परंतु पुढल्या रविवारी स्नेह्यांनी विचारले, "दोष कसा सापडला?" तेव्हा आम्ही म्हणालो, "सूर उतरल्यासारखा वाटला, म्हणून चकती लावून पाहिली." 'कोणाला वाटला' हे आम्ही गाळले. आमच्या कानाची वाहवा झाली, आणि ती आम्ही घेतली. चहा घेऊन सौ. त्याच वेळी वर आली होती. तिने ते ऐकले. ती काही बोलली नाही. त्या महिन्यात पेटी दुरुस्त करून आणली. पण ते प्रायश्चित्त होते, कबुली नव्हे. पुढे वर्षानुवर्षे बैठकीपूर्वी आम्ही तिला जिन्याशी बोलावून "सूर बरोबर आहे ना?" एवढे विचारून घेत असू. तिचा कान आम्ही वापरला. तिला जागा दिली नाही.

तेव्हा भाचीच्या प्रश्नाचे आमच्यापुरते उत्तर असे आहे. ह्या छंदाला कानाच्या आधी तीन गोष्टी लागतात: एक दार लावता येईल अशी खोली, कोणी हिशेब मागणार नाही असा पैसा, आणि मध्येच कोणी हाक मारणार नाही असा एक तास. आमच्या पिढीच्या घरांनी ह्या तिन्ही गोष्टी पुरुषाला न मागता दिल्या आणि स्त्रीला मागूनही दिल्या नाहीत. मग ती माडीवर दिसत नाही, ह्याला आम्ही आवड-निवड असे नाव दिले.

पुरुषांच्या बाजूनेही एक शब्द बोलणे न्यायाचे होईल. भैरवी ऐकताना डोळ्यांत पाणी आले तर ते चारचौघांत दाखवण्याची मुभा आमच्या पिढीच्या पुरुषाला नव्हती. सुई, व्हॉल्व्ह, तारा ह्यांविषयी तासन्तास बोलण्याची मात्र होती. आमच्या बैठकीतल्या कित्येक स्नेह्यांची मने आम्हांला कळली ती ह्याच बोलण्याच्या आडून. बायकांना त्या आडपडद्याची गरज कमी होती. त्यांची ओवी, त्यांची फुगडी, एकादशीचे भजन ह्यांत ऐकणे आणि गाणे वेगळे नव्हते. आम्ही गाणे विसरलो आणि म्हणून यंत्र मिळवले, असेही म्हणता येईल.

भाची गेल्यानंतरच्या रविवारी आम्ही मंडळींसमोर १९८८ ची हकीकत जशी घडली तशी सांगितली. क्षणभर कोणी बोलले नाही. मग एक वृद्ध स्नेही हळूच म्हणाले, "आमच्या घरी कोणती तबकडी घ्यावी हे तीच सांगते." सौ. चहा घेऊन आली तेव्हा सारे उठून उभे राहिले, आणि आम्ही तिला त्या खुर्चीवर बसवले. केसरबाईंची तबकडी लावली. ती पाच मिनिटे बसली. बाई नेमक्या समोर गात असल्याचे तिने मान्य केले, स्पीकरचे कौतुकही केले. मग उठली आणि म्हणाली, "हांगा बसून गावंक मेळना." इथे बसून गाता येत नाही.

आम्ही इतक्या वर्षांत जे पाहिले नव्हते ते तिने पाच मिनिटांत पाहिले. ती खुर्ची केवळ एकाची नव्हती, ती मुक्याची होती. खुर्ची आता भिंतीशी सरकवली आहे. खोलीत सतरंजी अंथरतो, आणि कोपऱ्यात पेटी असते. त्रिकोण बिघडला, अशी एकदोघांची तक्रार आहे, आणि ती शास्त्रदृष्ट्या खरी आहे. रविवारचा चहा आता आम्ही करतो. तो चांगला होत नाही, पण सौ. वर बसलेली असते आणि मनात आले तर तबकडीबरोबर गाते.

आमच्या कानांची अलीकडे डॉक्टरांनी तपासणी केली. वरच्या पट्टीतले आवाज आता आम्हांला ऐकू येत नाहीत. तबकडी संपत येते, तंबोरा विरत जातो, आणि आमच्या लेखी खोलीत शांतता होते. आम्ही सौ.कडे पाहून विचारतो, "सोंपलो?" ती बोट वर करते आणि म्हणते, "ना. आजून आसा." मग आम्हीही तिच्याबरोबर थांबतो. झंकाराचा जो शेवटचा अंश ऐकण्यासाठी आम्ही जन्मभर पैसा ओतला, तो केव्हा सरला हे आता आम्हांला तिच्याकडूनच कळते.